आधीचा फोटो, नंतरचा फोटो

मी एक वायर बांधली. काळ्या प्लास्टिकच्या टायने, घट्ट, वर उरलेलं शेपूट कटरने कापून. त्या एका टायपायी चांगला माल वाईट ठरला, वाईट माल चांगला ठरला, आणि कबनूरच्या एका बाईचं वर्कशॉप बंद पडायची वेळ आली. शिवाय ती वायर बांधल्याबद्दल मला बक्षीस मिळालं. झाकणाचा स्टीलचा डबा. तो अजून घरात आहे. यंदाही बायकोने त्यात चकल्या भरल्यात आणि मला एकही गोड लागत नाही.

निवृत्त माणसाला लोक विचारतात, "कुठं होता?" मी म्हणतो, "शिरोलीला, एमआयडीसीत." कोल्हापुरात याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "फाउंड्री?" मी म्हणतो, "नाही, टेस्टिंग." मग समोरचा आपोआप दंडाची बाही वर सरकवतो. रक्ताची नव्हे हो, यंत्राची. तर एकदा नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी बाही सरकवणार नाही.

आमची कंपनी ट्रॅक्टरला लागणारे, विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह बनवते. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. तिला कॉइल म्हणतात. तार किती जाड, वेढे किती, हे कॉइल उलगडून मोजता येत नाही. म्हणून तिच्यातून वीज सोडायची आणि ती विजेला किती अडवते ते मोजायचं. अडवणूक कमी भरली तर वेढे कमी किंवा आत कुठेतरी तार तारेला चिकटलेली. जास्त भरली तर तार ठरल्यापेक्षा बारीक. मधोमध आली तर पास.

हे मोजायला एक पेटी होती, मायक्रोवेव्हएवढी, एका उंच लोखंडी कपाटात बसवलेली. समोरून बँकेच्या लॉकरसारखे उभे कप्पे. एका कप्प्यातलं कार्ड वीज सोडतं, दुसरं अडवणूक मोजतं, तिसरं तापमान मोजतं. आणि डावीकडच्या पहिल्या कप्प्यात कंट्रोलर. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच, पण चपटा करून कप्प्यात सारलेला. हा घरातला कर्ता. तो जागा झाल्याशिवाय बाकीची कार्डं हलत नाहीत, आणि तो झोपला की सगळं घर झोपतं.

त्याची निगा म्हणजे काही रॉकेट उडवणं नव्हे, जरी मी तीस वर्षं तसा आव आणला. पेटी बंद केल्याशिवाय कार्ड ओढायचं नाही. बसवताना खिट्टी लागेपर्यंत दाबायचं आणि मग स्क्रू पिळायचे. त्याला इंटरनेट दाखवायचं नाही. त्याच्या डिस्कची एक नक्कल कपाटात कुलूपबंद ठेवायची. पंख्याची जाळी महिन्याला झटकायची, आतला बटणाएवढा सेल दोन-तीन वर्षांनी बदलायचा, नाहीतर साहेब तारीख विसरतात. ज्याला टॉर्चचे सेल बदलता येतात आणि ज्याचा हात विनाकारण शिवशिवत नाही, अशा कुणालाही हे काम जमतं. मला यातलं पहिलं जमायचं.

पेटी नवीन आली तेव्हाच मी याची चुणूक दाखवली होती. रिकाम्या कप्प्यांवर लावायला सोबत पत्र्याच्या पट्ट्या आल्या होत्या. मला वाटलं, हे पॅकिंग. एका पट्टीने मी रंगाचा डबा उघडला, दुसरी आमचे ऑपरेटर सर्जेराव यांनी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. कप्पे उघडे राहिले तर वारं खेळेल, असं माझं खिडकीवाल्या माणसाचं शास्त्र. पण पंख्याचं वारं आळशी असतं. उघडं भोक दिसलं की तिथूनच पळतं, कंट्रोलरपर्यंत जातच नाही. रोज दुपारी कंट्रोलर तापून मान टाकायचा. मी त्याच्यात तीन वेळा प्रोग्रॅम नव्याने घातला, एकदा सेल बदलला, एकदा नारळही फोडला. शेवटी पुण्याहून कंपनीचा इंजिनिअर आला. पेटी न उघडताच म्हणाला, "पट्ट्या कुठायत?" सर्जेरावांनी शांतपणे टेबल उचललं.

त्या दिवसापासून मी पेटीचा भक्त झालो. मूर्खाला एकदा अक्कल आली की तो ती सगळीकडे लावत सुटतो, तसा. पेटीवर धूळ नाही, पट्टी ढिली नाही. आता आमच्या यंत्रात चूक होणारच नाही, असं मी लोकांना सांगायचो. कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

आमचे मॅनेजर सबनीससाहेब. यांना यंत्रापेक्षा यंत्राचा फोटो अधिक आवडायचा. कारखान्यात जपानी शिस्तीचं वारं शिरलं होतं: वस्तू जागच्या जागी, जमिनीवर पिवळे पट्टे, आणि दर महिन्याला एक 'सुधारणा' फोटोसकट दाखवायची. डावीकडे 'आधी', खाली लाल फुली. उजवीकडे 'नंतर', खाली हिरवी खूण. जपानी माणसाने हे कशासाठी काढलं असेल ते असो, आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच की ग्राहकाची माणसं तपासणीला यायच्या आधी झाडलोट करायची आणि तिला इंग्रजी नाव द्यायचं. एका विभागाने कचऱ्याची बादली डावीकडून उजवीकडे ठेवून 'सुधारणा' दाखवली होती. पुढच्या महिन्यात तीच उजवीकडून डावीकडे ठेवून पुन्हा दाखवली. दोन्हीला टाळ्या.

माझा विभाग मात्र कोरा. साहेब म्हणाले, "चौगुले, तुमच्याकडे काहीच सुधारण्यासारखं नाही?" हे कौतुक आहे हे मला कळायला हवं होतं. मला तो अपमान वाटला.

मग मला ती वायर दिसली. पांढरी, बारीक, टोकाला मोहरीएवढा मणी. कपाटाच्या बाजूच्या भोकातून बाहेर येऊन जिथे कॉइल ठेवून तपासतात त्या स्टँडपाशी लोंबत असायची. लेंग्याची नाडी बाहेर राहावी तशी. तिचं काम असं की, तांबं तापलं की ते विजेला जास्त अडवतं. तीच कॉइल थंडीत एक आकडा दाखवते, उन्हाळ्यात दुसरा. म्हणून हा मणी कॉइलजवळची उष्णता मोजतो, कंट्रोलर त्या उष्णतेपुरता आकडा वजा करतो आणि मग निकाल देतो. हे सगळं मला माहीत होतं. अज्ञानाची सबब माझ्याकडे नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पण त्या दिवशी मला मणी दिसत नव्हता. लोंबणारी नाडी तेवढी दिसत होती.

मी ती आत ओढली आणि कपाटाच्या मागच्या खांबाला सुबक बांधून टाकली.

सर्जेराव बघत होते. म्हणाले, "सायेब, ही वायर हितंच असती की."

"सर्जेराव," मी म्हणालो, "शिस्त म्हणून काही असतं."

"व्हय, असतंय," म्हणून ते चहाला गेले.

मागचा तो खांब बरोबर पेटीच्या पंख्यांच्या तोंडावर होता. पेटीतली सगळी गरम हवा तिथून बाहेर पडायची. म्हणजे मणी आता कॉइलची नव्हे, कंट्रोलरच्या उच्छ्वासाची उष्णता मोजत होता. त्या महिन्याचं पहिलं बक्षीस मला. सूचनाफलकावर 'आधी' नि 'नंतर' लागले. 'नंतर'मध्ये मी स्वतःही उभा आहे, कपाटावर हात ठेवून, एखादा गड जिंकल्यासारखा.

आता मुमताजभाभी. कबनूरला यांचं छोटं वर्कशॉप. नवरा आधी यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून द्यायचा. त्याचे डोळे अधू झाल्यावर भाभींनी काम हातात घेतलं आणि मोटारींवरून कॉइलवर आल्या. हाताखाली सहा बायका. आमच्याकडच्या तीन पुरवठादारांत सगळ्यात लहान, आणि कॉइल अशी की वेढा वेढ्याला लागून, साळीचं कणीस भरावं तशी. त्यांचा माल आम्ही डोळे मिटून घ्यायचो. बक्षीस मिळालं आणि डोळे उघडले.

त्यांचा पहिला लॉट नापास झाला. अडवणूक कमी. मी खांदे उडवले. दुसरा लॉट नापास. आमच्याकडे नियम असा की लागोपाठ तीन लॉट नापास झाले की पुरवठादाराचं नाव यादीतून कमी. भाभींचं दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. तिसरा लॉट गेला की त्या सहा बायका घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी मला यंत्र तपासायला सांगितलं. मी तपासलं. जाळी स्वच्छ, पट्ट्या घट्ट, सेल नवा, डिस्क ठणठणीत. रोज सकाळी यंत्र सुरू केल्याबरोबर आम्ही एक नमुन्याची खात्रीची कॉइल लावून बघायचो. वहीत रोज बरोबरची खूण. सकाळी सातला पेटी थंडगार असते, मागचं वारंही थंड, हे माझ्या डोक्यात आलं नाही. अकराला त्या खांबापाशी काय उष्णता असेल ते बघायला कपाटाच्या मागे जावं लागलं असतं. मागे कशाला जायचं? मागचं तर मीच बक्षीस घेऊन नीट केलेलं. शिवाय बाकी दोघांचा माल धडाधड पास होत होता. मी अहवाल लिहिला: 'यंत्र निर्दोष. पुरवठादाराच्या मालात दोष.' खाली सही अशी झोकात केली की कागद फाटायचा राहिला.

तिसरा लॉट घेऊन भाभी स्वतः आल्या. टेम्पोत पुढे बसून, मांडीवर त्यांचं जुनं मीटर, लाकडी पेटीतलं.

"चौगुलेसाहेब, माझ्या मालात काय खोट हाय ती मला डोळ्यांनी बघायची हाय. मी हितंच बसते."

सबनीससाहेब म्हणाले, "ताई, पुरवठादारांना आत परवानगी नसते."

"मग तसं लिवून द्या. खोट दाखवाय येत न्हाय म्हणून परवानगी न्हाय."

साहेबांना लिहून देण्याची फार भीती. सर्जेरावांनी स्टूल आणलं.

भाभींनी पिशवीतून एक कॉइल काढली. तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका. "ही पयली लावा." यंत्र नुकतंच सुरू केलं होतं. कॉइल पास. त्यांनी ती काढून स्टँडच्याच कडेला, सगळ्यांच्या देखत ठेवली आणि हात लावला नाही. लॉट सुरू झाला. पहिले दोन ट्रे पास. मग एखादी नापास. मग दर चारात एक. साडेअकराला ओळीने लाल दिवे.

"आता ती लावा," भाभी म्हणाल्या. "ठिपक्याची."

सर्जेरावांनी लावली. नापास.

"सकाळी पास झालेली नव्हं ही?"

"हाताळणीत काही झालं असेल," मी म्हणालो.

"हाताळली कुणी? माशी बसली आसंल तर बसली आसंल."

मग मी माझं सगळं पांडित्य बाहेर काढलं. कंट्रोलर म्हणजे काय, तो तापतो म्हणजे काय, पट्ट्यांचं महत्त्व. पंधरा मिनिटं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. मागच्या लोखंडाला निवायला तासभर लागला असता, त्यामुळे नापास ते नापासच. मी म्हणालो, प्रोग्रॅम नव्याने घालावा लागेल, दोन दिवस जातील. भाभी माझ्याकडे बघत होत्या, डॉक्टर आजाराचं नाव सांगायचं सोडून स्वतःच्या डिग्र्या सांगू लागला की नातेवाईक बघतात तशा.

"पाणी पिऊन येते," म्हणाल्या.

आमचा पाण्याचा कूलर सूचनाफलकाशेजारी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग हाक आली. "दादा, जरा हिकडं येताय का?"

भाभी फलकासमोर उभ्या. 'आधी'वर बोट. "ह्या फोटोत ही पांढरी वायर कॉइलला टेकल्याय. त्या फोटोत दिसंना. कुठं गेली?"

"ती मी नीट बांधली," मी म्हणालो. इथेही माझ्या आवाजात अभिमान होता, हे सांगताना आज कान गरम होतात.

"कसली वायर हाय ती?"

"तापमानाची."

शब्द तोंडातून सुटला आणि मला स्वतःलाच ऐकू आला. नको तेवढा स्पष्ट.

आम्ही कपाटाच्या मागे गेलो. पुढे भाभी, मागे मी, माझ्यामागे सर्जेराव. भाभींनी त्या मण्यापाशी तळहात धरला आणि तव्यावरून काढावा तसा काढून घेतला. माझ्याकडे वळल्या.

"पेशंट तिकडं पुढं झोपलाय, आन् थर्मामीटर तुमी डॉक्टरच्या काखंत लावलाय व्हय!"

"मी म्हणलोतो," सर्जेराव म्हणाले.

कारखान्यात हवा बत्तीस अंश, मण्यापाशी पंचेचाळीस. कंट्रोलर बिचारा प्रामाणिक. त्याला सांगितलं, कॉइल तापली आहे; त्याने तेवढा आकडा वजा केला. गार कॉइलमधून गरम कॉइलचं वजा. साहजिकच कमी भरलं. मी टाय कापला, मणी जुन्या जागी लोंबता केला. ठिपक्याची कॉइल पास. भाभींच्या लाकडी मीटरचा आकडाही तोच. सकाळपासूनचे सगळे लाल दिवे पुन्हा लावले, सगळे हिरवे.

मग बाकीच्या दोघांचा माल पास कसा होत होता? हे मी दुपारी जेवताना सर्जेरावांना विचारलं आणि घास तसाच राहिला. त्यातल्या एकाचा माल सकाळी लवकर, पेटी गार असतानाच लागायचा. दुसरा हल्ली ठरल्यापेक्षा बारीक तार वापरू लागला होता. त्याची अडवणूक जास्त यायला हवी होती. माझ्या यंत्राने ती वजा करून त्याला मधोमध आणून बसवला. जी बाई बरोबर मधोमध गुंडाळत होती तिला खाली ढकललं. म्हणजे माझ्या पेटीने दोन महिने चोराला पाट आणि सावाला दार दाखवलं. बारीक तारेच्या त्या कॉइल स्टोअरमधून परत काढल्या, पण बऱ्याच पुढे जाऊन ट्रॅक्टरवर बसल्या होत्या. गाव-शिवारात कुठे एखादा व्हॉल्व्ह वेळेआधी मेला असेल आणि कुणी आमच्या नावाने शिवी घातली असेल, तर ती माझी. मी ती पोचली असं धरून चालतो.

सबनीससाहेबांनी दार लावून घेतलं. "हे बघा चौगुले. नवीन अहवालात लिहा, कंट्रोलरमध्ये तात्पुरता बिघाड. त्यांचे लॉट पास करून टाकू, विषय संपला. कंट्रोलरला बायकापोरं नाहीत."

मला हे फार पटलं. इतकी वर्षं ज्याची सेवा केली त्याने माझ्यासाठी एवढंही करू नये? मी इंग्रजीत झकास अहवाल लिहिला. खाली पुरवठादाराची सही लागते. भाभींनी कागद हातात घेतला आणि तसाच धरला.

"वाचून दाखवा."

मी मराठीत करून वाचलं. कंट्रोलर, तात्पुरता, बिघाड.

"कंट्रोलर म्हंजे तो पयल्या कप्प्यातला? ज्याला तुमी सकाळपासनं घरचा कर्ता कर्ता म्हणत हुता?"

"हो."

"त्येनं काय केलं?"

मी त्यांच्यापुढे पेन सरकवलं.

"दादा, माझं दोन लॉट परत आलं तवा तुमी लिवलं, 'मालात दोष'. माझ्याकडं शकीला म्हणून हाय, तिनं दोन रात्री जेवण सोडलं, म्हणाली माझ्याच हाताला काय झालं आसंल. मी तिचं वेढं उलगडून मोजलं. उलगडलेली कॉइल परत गुंडाळत न्हाय, ठाऊक हाय न्हवं? आता लिवताय, मशीन बिघडलं. मशीन बिघडलं म्हणला तर उद्या परत बिघडंल, आन् परत माझंच नाव पुढं. माणूस चुकला म्हणून लिवा. माणूस निदान लाजतोय. मशीन लाजत न्हाय."

"भाभी, माझं नाव..."

"माझं लिवताना नाव दिसलं न्हवतं व्हय?"

कागद त्यांनी टेबलावर उलटा ठेवला. पेन त्यावर. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला त्यांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "थांब. सायेब लिवाय शिकाल्यात."

मी नवीन कागद घेतला आणि मराठीत लिहिलं: 'तापमान मोजणारी वायर देखभाल अभियंता चौगुले यांनी चुकीच्या जागी बांधली. पुरवठादाराच्या मालात दोष नव्हता. मागील दोन्ही लॉटचे निकाल आणि माझा अहवाल रद्द.' या वेळी सही साधी आली. साहेब म्हणाले, "वार्षिक मूल्यमापनात हे येणार, लक्षात ठेवा." आलं. त्या वर्षी वर सरकायची माझी पाळी होती. ती पुढच्याला गेली. तो आयुष्यभर माझ्याशी फार प्रेमाने वागला.

भाभींनी दोनदा वाचून घेतलं, सही केली, शिक्का मारला. त्यांचं नाव यादीत राहिलं. मी निवृत्त झालो तेव्हाही होतं, सगळ्यात वर.

त्यांना पोचवायला मी दारापर्यंत गेलो. वाटेत तो फलक. 'नंतर'मधला मी अजून कपाटावर हात ठेवून हसत होतो, खाली हिरवी खूण. मी टाचण्या उपटायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे की दादा, काढू नगा," भाभी म्हणाल्या. "हुशार दिसताय असा तुमचा दुसरा फोटो कुठं निघायचा न्हाय."